अँटिव्हायरस अपडेट होत नाही? आधी घड्याळ बघा

भातकापणीचे दिवस होते. चिपळूणहून गुहागरकडे जाताना आत एका वाडीत राहणाऱ्या निवृत्त गुरुजींचा फोन आला. "अगं, अँटिव्हायरस अपडेटच होत नाही. दोनदा विकत घेतला, तरी तसंच." दोनदा विकत घेतला, हे ऐकून मला वाईट वाटलं. पेन्शनमधले पैसे ते. बॅग उचलली आणि दुपारी त्यांच्या पडवीत जाऊन बसले.

कॉम्प्युटर सुरू झाला तशी मी पहिल्यांदा खाली उजव्या कोपऱ्यात पाहिलं. तारीख होती १ जानेवारी २०१४. क्रोम उघडला तर साईटच्या ऐवजी 'युअर क्लॉक इज बिहाइंड' असं पान आलं. गुरुजी म्हणाले, "ते रोजच येतं. मी रोज सकाळी तारीख बदलतो, कधी विसरतो." दोन अँटिव्हायरसचे पैसे गेले होते, आणि बिघाड होता एका गोल सेलचा.

घरोघरी जाऊन मशीन दुरुस्त करण्याचं काम मी गेली बरीच वर्षं करते. अपडेट अडलं की लोक लगेच अँटिव्हायरसलाच नावं ठेवतात आणि दुसरा आणतात. बहुतेक वेळा दोष त्याचा नसतोच. म्हणून त्या दिवशी गुरुजींकडे जे जे केलं ते क्रमानं लिहिते आहे. तुमचं दुखणं वेगळं असलं तरी शोधायची रीत हीच ठेवा.

घड्याळ चुकलं की अपडेट का अडतं? अपडेट उतरवताना तुमचं मशीन कंपनीच्या सर्व्हरकडून एक प्रमाणपत्र मागतं. त्या प्रमाणपत्रावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालेल, असं लिहिलेलं असतं. मशीन समजतंय की आपण २०१४ सालात आहोत, म्हणजे त्याच्या हिशेबानं ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. मग ते दार लावून घेतं, आणि तसं करण्यात त्याचं काही चुकत नाही. विकत घेतलेल्या अँटिव्हायरसचं लायसन्सही तारखेवरच चालतं, त्यामुळे तिथंही गोंधळ होतो.

बंद असतानाही घड्याळ चालावं म्हणून मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा सेल असतो. डेस्कटॉपमध्ये बहुतेक ठिकाणी सीआर २०३२ नावाचा. प्लग लावलेला आणि बटण चालू असेल तर मशीन बंद असूनही बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि सेल वाचतो. गुरुजी विजा कडाडायला लागल्या की प्लग उपसून ठेवतात. कोकणातल्या पावसाळ्यात ते करायलाच हवं, मी सगळ्यांना तसं सांगते. पण मग सगळा भार त्या सेलवर येतो. त्यांचा सेल मशीन घेतल्यापासूनचाच होता, पार संपलेला.

बदलायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मशीन बंद करा, प्लग भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. बाजूचं पत्र्याचं झाकण काढा. हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट लावा, अंगातली स्थिर वीज तिथं उतरते. सेलच्या बाजूला एक छोटी पत्र्याची जीभ असते. ती नखानं किंवा लाकडी काडीनं जरा मागं सारली की सेल उडी मारून वर येतो. अधिकची खूण वर ठेवून नवा सेल दाबून बसवा. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डचा प्रोग्रॅम) तारीख-वेळ घाला, मग विंडोजच्या 'डेट अँड टाइम'मध्ये 'सिंक नाऊ' दाबा आणि टाइम झोन भारताचाच आहे ना ते पाहा. इंटरनेटवरून विंडोज घड्याळ आपोआप लावतं हे खरं, पण फरक वर्षांचा पडला की कित्येकदा ते जमत नाही. म्हणून आधी हातानं लावायचं. लॅपटॉपमध्ये हा सेल काही वेळा वायर जोडलेला आणि खोल आत असतो. तो घरी उघडू नका, दुकानात न्या.

घड्याळ लागलं, क्रोम उघडला. गुरुजींना वाटलं काम झालं. मी अपडेटचं बटण दाबलं, तर पुन्हा लाल फुली.

एरर कोड वाचायला शिका

विंडोज १० किंवा ११ असेल तर स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधा, तिथं 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', आणि खाली 'प्रोटेक्शन अपडेट्स'. शेवटचं अपडेट कधी झालं ते इथं दिसतं. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची, म्हणजे डिफेंडरची, नवी माहिती दिवसातून अनेकदा येते. म्हणजे चार दिवस मशीन रोज नेटवर आहे आणि तारीख मागच्या महिन्याची, तर काहीतरी अडलं आहे. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर त्याच्या मुख्य पानावर 'व्हायरस डेटाबेस' नाहीतर 'डेफिनिशन्स'ची (ओळखीच्या व्हायरसांच्या यादीची) तारीख असते. हिरवी खूण बघून समाधान मानू नका, तारीख वाचा.

अपडेट फसलं की विंडोज एक लांबलचक कोड दाखवतं. लोक तो बघून घाबरतात आणि खिडकी बंद करतात. तसं करू नका, मोबाइलवर फोटो काढा आणि फक्त शेवटची चार अक्षरं पाहा.

शेवटी २ एफ ८ एफ असेल तर बहुतेक वेळा घड्याळ नाहीतर प्रमाणपत्राची भानगड, जी वर सांगितली. २ ई ई ७ असेल तर मशीनला सर्व्हरचं नावच सापडत नाही. नेट तुटलंय, डीएनएस (साईटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) बिघडलंय किंवा कुणीतरी वाट बदलली आहे. ००७० म्हणजे डिस्क भरली. सी ड्राइव्हमध्ये जागाच नाही. डाउनलोड फोल्डरमधले लग्नाचे व्हिडिओ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा, 'डिस्क क्लीनअप' चालवा आणि निदान दहा-पंधरा जीबी मोकळी ठेवा. ०४२२ म्हणजे लागणारी सर्व्हिस (विंडोजमध्ये पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) कुणीतरी बंद करून ठेवली आहे.

गुरुजींच्या पडद्यावर ०४२२ होतं. आमच्या भागात हे फार दिसतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवायचं, डेटा संपतो म्हणून मशीन बसवणारा 'विंडोज अपडेट' बंदच करून देतो. डेटा वाचतो, पण डिफेंडरचं अपडेटही त्याच वाटेनं येतं आणि तेही थांबतं. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा, यादीत 'विंडोज अपडेट' पाहा. 'स्टार्टअप टाइप'पुढे 'डिसेबल्ड' असेल तर त्यावर दोनदा क्लिक करून 'मॅन्युअल' करा आणि 'स्टार्ट' दाबा. 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' आणि 'क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस' या दोघीही डिसेबल्ड नाहीत ना, तेही त्याच यादीत बघून घ्या. डेटाची काळजी असेल तर सर्व्हिस मारू नका. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, मोठी अपडेट्स थांबून राहतात. आठवड्यातून एकदा ते बंद करून सगळं उतरवून घ्या.

एका घरात दोन राखणदार

सर्व्हिस सुरू केली आणि मग गुरुजींच्या मशीनमध्ये खरी गर्दी सापडली. एक अँटिव्हायरस गावच्या दुकानातून घेतलेला, दुसरा मुलानं परदेशातून रिमोटनं टाकून दिलेला. दोघंही चालू.

दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट राखण, असं माणसाला वाटणं साहजिक आहे. पण प्रत्येक अँटिव्हायरस फाइल उघडताक्षणी मध्ये हात घालून ती तपासतो. दोघं एकाच फाइलवर एकाच वेळी हात घालतात. एक ती धरून ठेवतो, दुसऱ्याला ती लिहिता येत नाही. एकाच्या अपडेटमधले व्हायरसचे नमुने दुसऱ्याला खऱ्या व्हायरससारखे वाटू शकतात. मशीन मंदावतं, अपडेट अर्धवट राहतं. म्हणून एकच ठेवा.

काढण्याआधी लायसन्सची की आणि खरेदीचा ईमेल वहीत उतरवून ठेवा. मग 'सेटिंग्ज', 'अ‍ॅप्स', 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' (विंडोज १० मध्ये 'अ‍ॅप्स अँड फीचर्स') इथून अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. फोल्डर हातानं डिलीट करून अँटिव्हायरस जात नाही, उलट त्याचे ड्रायव्हर मागे राहतात आणि पुढच्याला बसू देत नाहीत. बहुतेक कंपन्या स्वतःचं एक रिमूव्हल टूल फुकट देतात. ते त्या कंपनीच्याच साईटवरून घ्या, चालवा, पुन्हा रीस्टार्ट करा. शेवटी 'विंडोज सिक्युरिटी'च्या 'सेटिंग्ज'मध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' उघडा. सध्या अँटिव्हायरस कोण आणि फायरवॉल (बाहेरून येणाऱ्याला अडवणारी भिंत) कुणाची, हे विंडोज तिथं नावानिशी सांगतं. हे पान फार कमी लोकांना माहीत आहे, पण पुढची निम्मी तपासणी त्यावरच होते. गुरुजींच्या पानावर तीन नावं होती. त्यांतलं एक तर त्यांनी कधीच काढून टाकल्याचं त्यांना आठवत होतं.

सगळं साफ केलं. बाहेरचे सगळे अँटिव्हायरस निघाले की डिफेंडर आपोआप जागा होतो. अपडेट दाबलं, हिरवी पट्टी सरकली, तारीख आजची आली. काकू म्हणाल्या, "झालं ना गो?" मी म्हटलं, काकू, अजून एक ठिकाण बघायचंय.

'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन सेटिंग्ज'मध्ये खाली 'एक्सक्लूजन्स' असतं. इथं बघू नकोस, असं अँटिव्हायरसला सांगण्याची ही जागा. गुरुजींच्या यादीत एकच ओळ होती, आणि ती होती सी ड्राइव्ह. अख्खा. ज्यानं मशीन बसवून दिलं त्यानं मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं चोरटं पॅकेज टाकण्यासाठी अँटिव्हायरसचे डोळेच बांधून ठेवले होते, आणि काम झाल्यावर पट्टी सोडली नव्हती. किती वर्षं कोण जाणे. या मशीनवर गुरुजी पेन्शनचं खातं बघतात, हयातीचा दाखला भरतात, वाडीतल्या चार जणांची कागदपत्रं स्कॅन करतात. मला त्या ओळीचा मनापासून राग आला. ती काढली, ते पॅकेज काढलं, त्याच्याबरोबर आलेला 'अ‍ॅक्टिव्हेटर' काढला आणि लिब्रेऑफिस बसवून दिलं. ते फुकट आहे, मराठी युनिकोड नीट चालतं, आणि गुरुजींचं गावाच्या इतिहासाचं लिखाण त्यात जसंच्या तसं उघडलं. तुमच्याकडे यादी रिकामी असेल तर उत्तम. ओळखीची नसलेली ओळ दिसली तर काढून टाका.

तिथंच वर 'टॅम्पर प्रोटेक्शन' असतं, ते चालू हवं. बाहेरच्या प्रोग्रॅमला डिफेंडर बंद करू न देणारं कुलूप ते.

व्हायरसच अपडेट अडवत असेल तर

एक खूण सांगते. बातम्या, यूट्यूब, बँक सगळं उघडतंय, फक्त अँटिव्हायरस कंपन्यांच्या साईट उघडत नाहीत, तर संशय घ्या. नोव्हेंबर २००८ मध्ये कॉन्फिकर नावाचा वर्म (स्वतःहून पसरणारा व्हायरस) आला तो अगदी हेच करायचा. सुरक्षेच्या साईटची नावं ओळखून वाट बंद करायची, म्हणजे औषध घरात येऊच नये.

दोन ठिकाणं पाहा. पहिलं 'सेटिंग्ज', 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'प्रॉक्सी'. प्रॉक्सी म्हणजे नेट ज्याच्यातून वळवलं जातं तो मधला सर्व्हर. घरच्या कनेक्शनला 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' बंदच असतं. चालू दिसलं आणि तुम्ही केलेलं नसेल तर बंद करा. दुसरं होस्ट्स फाइल, म्हणजे साईटच्या नावांचे पत्ते मशीनमध्येच लिहून ठेवायची जागा. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी, तिथं 'होस्ट्स'. नोटपॅडवर उजवं क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'नं उघडा आणि त्यातून ही फाइल उघडा. ज्या ओळी हॅशच्या खुणेनं सुरू होतात त्या नुसत्या टिपा असतात. हॅश नसलेल्या ओळीत मायक्रोसॉफ्टचं किंवा अँटिव्हायरस कंपनीचं नाव दिसलं तर ती ओळ तिथं असायला नको.

मग 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस ऑफलाइन स्कॅन' चालवा. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण उभं राहण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. उघडलेली कामं आधी सेव्ह करा.

नेटच धड नसेल, आणि आमच्याकडे डोंगराआड रेंज जाते तेव्हा नसतंच, तर अपडेट पेन ड्राइव्हवर आणता येतं. मायक्रोसॉफ्टच्या साईटवर डिफेंडरच्या 'सिक्युरिटी इंटेलिजन्स अपडेट'ची स्वतंत्र फाइल मिळते. विकतच्या अँटिव्हायरसवालेही बरेच जण ऑफलाइन अपडेट देतात. आपलं विंडोज ६४ बिट आहे की ३२ ते आधी पाहा, त्याप्रमाणे फाइल घ्या, शहरात जाणाऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर उतरवा आणि इथं दोनदा क्लिक करा. जुन्या विंडोज ७ वर एक अडचण आहे. २०१९ पासून मायक्रोसॉफ्ट सगळ्या फाइलींवर नव्या पद्धतीची सही करतं, तिला शा-२ म्हणतात. ती ओळखण्याचं अपडेट त्या मशीनमध्ये नसेल तर नवी फाइल कितीही वेळा चालवा, बसत नाही. पण खरं सांगायचं तर विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० लाच संपली. त्यावर बँकेचं काम करू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

फायरवॉल: गडगा आणि बेडं

गुरुजींनी विचारलं, "अँटिव्हायरस आहे, मग फायरवॉल कशाला?" त्यांच्या अंगणात बसूनच सांगितलं. तो जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) आणि पुढचं बेडं (फाटक) म्हणजे फायरवॉल. बाहेरून कोण आत येतंय ते तिथं अडतं. तुम्ही बाजारातून पिशवी घेऊन आलात आणि त्या पिशवीतच विंचू असला, तर गडगा काही करणार नाही. तो शोधायला अँटिव्हायरस.

गडगा नसला तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ऑगस्ट २००३. मी तेव्हा हार्डवेअरचा कोर्स करत होते. डायल-अपवर नेट जोडलं की काही मिनिटांत पडद्यावर एक चौकट यायची, साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन बंद. ब्लास्टर वर्म. कुणी ईमेल उघडला नव्हता, कुठली फाइल घेतली नव्हती. नुसतं नेटला जोडलं होतं, बास. विंडोजचा १३५ नंबरचा पोर्ट (नेटवरून आत यायचं दार) उघडा होता आणि त्यातल्या चुकीतून तो आत शिरत होता. ती चूक दुरुस्त करणारा पॅच जुलैमध्येच आला होता, पण आमच्यापैकी कुणी टाकलाच नव्हता. आम्ही घाईघाईनं ती मोजणी थांबवायची कमांड टाइप करायचो आणि पॅच उतरवायला बसायचो. एक्सपीमध्ये फायरवॉल तेव्हाही होती, पण बंद असायची. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून ती मुळातच चालू येऊ लागली.

तीच फायरवॉल पुढे सुधारत आज तुमच्या विंडोजमध्ये आहे. बाहेरून न मागता आलेली जोडणी ती अडवते, आतून बाहेर जाणाऱ्याला जाऊ देते. माझं मत विचाराल तर दहातल्या नऊ घरांना हीच पुरेशी आहे. फक्त ती खरंच चालू आहे ना, हे बघायला हवं. 'विंडोज सिक्युरिटी'त 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' उघडा. डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक असे तीन भाग दिसतील, तिन्हींपुढे 'ऑन' हवं. विकतच्या सिक्युरिटी पॅकमध्ये स्वतःची फायरवॉल असते, ती आली की विंडोजची बाजूला होते. पुढे लायसन्स संपतं किंवा पॅक अर्धवट निघतो, आणि कधी कधी कुणाचीच फायरवॉल चालू राहत नाही. गुरुजींच्या मशीनमध्ये नेमकं हेच झालं होतं, तिन्ही 'ऑफ'. वर्षानुवर्षांचे नको ते नियम साचले असतील तर त्याच पानावर खाली 'रिस्टोअर फायरवॉल्स टू डिफॉल्ट' आहे. मी ते बिनधास्त दाबते. नंतर एखादा प्रोग्रॅम परवानगी मागेल तेव्हा बघता येतं.

ती परवानगीची चौकट आली की काय करायचं? तो प्रोग्रॅम आत्ता तुम्ही स्वतः उघडला आहे का आणि त्याचं नाव ओळखीचं आहे का, एवढंच बघा. दोन्ही हो असेल तर फक्त 'प्रायव्हेट'ला खूण करून परवानगी द्या. नाहीतर 'कॅन्सल'. बहुतेक प्रोग्रॅम कॅन्सल केलं तरी चालतात, कारण त्यांना बाहेर जायचं असतं, बाहेरून कुणाला आत घ्यायचं नसतं.

वाय-फाय 'पब्लिक' ठेवायचं की 'प्रायव्हेट', हा प्रश्न नेहमी येतो. घरातल्या दोन मशीनमध्ये फाइली किंवा प्रिंटर वाटून वापरत असाल तर प्रायव्हेट. नसाल तर घरातही पब्लिकच ठेवा, बिघडत काही नाही. लॉजवर, स्टेशनवर, मुलीच्या हॉस्टेलवर कायम पब्लिक.

वेगळी फायरवॉल कुणी घ्यावी? ज्याला आतून बाहेर काय जातंय त्यावर ताबा हवा आहे त्यानं. त्यात टायनीवॉल मला आवडते. फुकट आहे, हलकी आहे, विंडोजच्याच यंत्रणेवर चालते आणि सतत प्रश्न विचारत नाही. सुरुवातीला सगळं अडवते, मग जे हवं ते तुम्ही उघडून द्यायचं. पहिल्या दिवशी अर्धा तास द्यावा लागतो. डेटा कुठे जातोय ते नुसतं बघायचं असेल तर ग्लासवायर आलेखात दाखवतं, मर्यादित डेटावाल्यांना फार उपयोगी. झोनअलार्म किंवा कोमोडोसारख्या फायरवॉल ताकदवान आहेत, पण प्रत्येक प्रोग्रॅमविषयी विचारणारी फायरवॉल मी वयस्कर माणसांच्या घरी बसवत नाही. दहा चौकटी माणूस वाचतो, अकरावीला न वाचता 'अलाऊ' म्हणतो, आणि अडवायची होती ती अकरावीच असू शकते. विकतचा पॅक तुमच्याकडे आधीच असेल, आपल्या पुण्याच्या क्विक हीलचा असो की बाहेरचा, तर त्यातलीच फायरवॉल वापरा. वर आणखी एक चढवू नका.

राउटर हा आणखी बाहेरचा गडगा, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याच्या खालच्या स्टिकरवर पत्ता आणि पासवर्ड असतो. त्या पत्त्यावर जाऊन अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, हे लक्षात घ्या. 'रिमोट मॅनेजमेंट' (बाहेरून राउटर चालवण्याची सोय) बंद करा, 'डब्ल्यूपीएस' (पासवर्ड न घालता वाय-फाय जोडण्याची सोय) बंद करा. बागेत सीसीटीव्ही लावला असेल तर तो लावणाऱ्यानं मोबाइलवर चित्र दिसावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडला आहे का, ते विचारा, आणि डीव्हीआरचा (चित्रण साठवणाऱ्या डब्याचा) कारखान्यातला पासवर्ड आजच बदला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या बॉटनेटनं (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या टोळीनं) जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर याच कारखान्यातल्या पासवर्डांनी ताब्यात घेतले होते. आता बरेच सेवादार आयपीव्ही ६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) देतात. त्यात जुन्या राउटरसारखी एका पत्त्यामागे घर लपण्याची सोय आपोआप मिळत नाही, म्हणून राउटरच्या आत 'फायरवॉल' असा पर्याय असेल तर तो चालू असू द्या.

तपासून बघा

अँटिव्हायरस जागा आहे का हे बघायला आयकार नावाची निरुपद्रवी चाचणी फाइल आहे, अवघ्या ६८ अक्षरांची. सगळ्या कंपन्यांनी ती ओळखायची असं ठरलेलं आहे. आयकारच्या साईटवरून ती उतरवायला गेलात की अँटिव्हायरसनं झडप घातली पाहिजे. गुरुजींकडे डिफेंडरनं डाउनलोड पूर्णही होऊ दिलं नाही, आणि गुरुजींनी टाळी वाजवली. फायरवॉलसाठी 'शील्ड्स अप' नावाची जुनी, फुकट साईट आहे. ती बाहेरून तुमच्या पोर्टांवर टकटक करून बघते. मोबाइल हॉटस्पॉटवरून केलीत तर मात्र ती मोबाइल कंपनीचं दार ठोठावते, तुमचं नाही. तो निकाल धरू नका.

काकूंनी शेवटी हळूच विचारलं, "आणि ते कोपऱ्यात येतं, तुमचा अँटिव्हायरस संपला, लगेच पैसे भरा, ते?" ते अँटिव्हायरसकडून येतच नव्हतं. कुठल्याशा साईटला त्यांनी कधीतरी 'अलाऊ' म्हटलं होतं आणि ती साईट क्रोममधून सूचना पाठवत होती. क्रोमच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साईट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स', तिथं अनोळखी साईट काढून टाकल्या आणि चौकटी थांबल्या. अशा चौकटीवरच्या फोन नंबरला कधीही फोन करू नका, रिमोटचं अ‍ॅप टाकू देऊ नका. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा. ती सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

राहिलं विंडोज १० चं. त्याची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. डिफेंडरची माहिती त्यावर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं आहे, पण विंडोजमधली नवी भगदाडं अँटिव्हायरस बुजवत नाही. गुरुजींचा प्रोसेसर जुना, विंडोज ११ चालणार नाही. म्हणून 'विंडोज अपडेट'च्या पानावरून वाढीव सुरक्षेची नोंदणी करून दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यासाठी विंडोज २२एच२ आवृत्तीचं हवं आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. पुढे विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकायचं की नवं मशीन घ्यायचं, ते मुलगा आला की ठरवणार आहेत.

निघताना जुना सेल कागदात गुंडाळून बॅगेत टाकला. नातवंडं येतात, घरात पडलेला नको, तोंडात गेला तर फार धोक्याचा. कॅबिनेटच्या आत पत्र्यावर चिकटपट्टी लावून नवा सेल घातल्याची तारीख लिहिली. गुरुजींनी शाळेच्या हजेरीपटासारख्या रेघा मारून एक वही केली. दर सोमवारी डेफिनिशनची तारीख त्यात उतरवतात. दोन सोमवार तीच तारीख आली की मला फोन करायचा, असं आमचं ठरलं आहे.